खेळातले तीन मित्र खरे मानावेत का? फोंड्याच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. तुमचा मुलगा १४ वर्षांचा असून नववीत शिकतो आणि सहाव्या वर्षी त्याच्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. शाळेत त्याला कोणी मित्र नाही. मधल्या सुट्टीत तो व्हरांड्याच्या टोकाला एकटाच डबा खातो. गेल्या वर्षभरापासून मात्र रोज संध्याकाळी तो तीन मुलांबरोबर ऑनलाइन खेळतो, कधी माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा खेळ तर कधी बीजीएमआय हा तुकडीने लढायचा बंदुकांचा खेळ, आणि त्यांना ‘माझे मित्र’ म्हणतो. परीक्षेत गुण कमी पडल्यावर त्याच्या बाबांनी खेळ चालू असतानाच फोन काढून घेतला. त्याला आज नऊ दिवस झाले आणि तेव्हापासून तो जेवणाखाणापुरतेच बोलतो. त्या तिघांपैकी एक मुलगा त्याच्याच वर्गातला आहे, दोघे एकाच बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, शाळेत जातात, आणि तरीही शाळेत एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. तुम्ही विचारले आहे की हे मित्र खरे मानावेत का, आणि खेळ कायमचा बंद करावा का.

मी १९ वर्षे गोव्यातील शाळांमध्ये विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे आणि साधारण गेल्या दहा वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत आला आहे. तुमच्या मुलाला मी भेटलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी त्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगते. त्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर पडद्यासमोर किती वेळ बसावे हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारा. उरलेल्या दोन मुलांना त्याने प्रत्यक्ष कधीच पाहिले नसेल, तर पुढे जे सुरक्षिततेबद्दल लिहिले आहे ते अधिक काळजीने वाचा. आणि तो रात्री किती वाजता झोपतो हे तुम्ही लिहिलेले नाही. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारींचे मूळ खेळात नसते, अपुऱ्या झोपेत असते.

सर्वात आधी फोनचे बोलू, कारण ते थांबवून ठेवण्यासारखे नाही. तुम्हाला वाटते आहे की तो खेळ मिळत नाही म्हणून रुसला आहे. असेलही. परंतु चार जणांच्या तुकडीतून एक गडी मध्येच नाहीसा झाला की उरलेल्या तिघांना तो सामना अपुऱ्या बळावर खेळावा लागतो, आणि त्यांच्या दृष्टीने तुमचा मुलगा न सांगता निघून गेला आहे. अशाच प्रसंगानंतर गप्प झालेल्या एका मुलाला मी वही-पेन्सिल दिली आणि काय झाले ते लिहायला सांगितले. बराच वेळ तो पेन्सिलीचे टोक कागदावर टेकवून बसला आणि मग त्याने एकच ओळ लिहिली, ‘मी पळून गेलो असे त्यांना वाटत असेल.’ घरचे ज्याला व्यसनाची लक्षणे समजत होते, ती त्या मुलाची शरम होती. नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या मुलाच्या हातून सर्वांदेखत नियम मोडला गेला होता, आणि खुलासा करण्याचे साधनही त्याच्याजवळ उरले नव्हते.

म्हणून फोन परत देण्याआधी, हवे तर तुमच्या फोनवरून, त्या तिघांना एक निरोप पाठवण्याची संधी त्याला द्या. ‘बाबांनी फोन घेतला होता, मी मुद्दाम गेलो नाही,’ एवढेच पुरे आहे. त्यानंतर वेळेचा नवा करार करा, पण तो घड्याळाच्या मिनिटांवर करू नका. बीजीएमआयचा मोठा सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो. ‘एक तास झाला, बंद कर’ असे म्हटले की ते हमखास सामन्याच्या मध्यावर येते आणि रोज तोच तंटा होतो. ‘रोज दोन सामने, आणि साडेआठनंतर नवा सामना सुरू करायचा नाही’ हा नियम अशा मुलांना पाळता येतो, कारण त्याला स्पष्ट शेवट आहे. माइनक्राफ्टला असा शेवट नसतो, म्हणून तिथे कामावर बोला: आज भिंत पूर्ण होईल, छप्पर उद्या. बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा घालून दिलेली आहे, परंतु खाते आई-बाबांच्या नावाने उघडलेले असले की ती लागू होत नाही, हेही एकदा तपासून घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मैत्री खरी की खोटी हे तास मोजून कळत नाही. त्या तासांत मुले एकमेकांसाठी काय करतात ते पाहावे लागते. डिचोली तालुक्यातील एका मुलाने मला त्याचा माइनक्राफ्ट पाहू दिला होता. त्याने आणि त्याच्या मित्राने डोंगरातून एक लांब रस्ता खोदला होता, आणि त्या संपूर्ण रस्त्याच्या कडेने, दर काही पावलांवर, मशाली लावलेल्या होत्या. त्या खेळात अंधाऱ्या जागी राक्षस उत्पन्न होतात, उजेड असला की होत नाहीत. मी त्याला म्हटले की इतक्या मशालींची गरज दिसत नाही. त्याने माझ्याकडे न पाहता उत्तर दिले, ‘मला नको आहेत. त्याला राक्षस आवडत नाहीत.’ हा मित्र उशिरा खेळायला येतो, तोवर खेळात रात्र झालेली असते, म्हणून याने आधीच बसून तो सारा रस्ता उजळून ठेवला होता. शाळेच्या अहवालात याच मुलाविषयी ‘इतरांच्या भावनांची जाणीव कमी’ असे वाक्य मी स्वतः वाचले होते, आणि त्या दिवसापासून तसे वाक्य मी कोणत्याही अहवालात लिहिलेले नाही.

बीजीएमआयसारख्या खेळातही अशा खुणा दिसतात, फक्त कुठे पाहायचे ते माहीत हवे. गोळी लागून खाली पडलेल्या गड्याला पुन्हा उभे करायला साधारण दहा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ उभे करणारा स्वतः उघड्यावर असतो. तुमचा मुलगा पडला की कोणी धावून येते का? सापडलेले औषध, गोळ्या, शिरस्त्राण यांतले त्याच्या वाट्याला काही येते का? तो लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे, यायच्या आत सामना सुरू करतात, की दोन मिनिटे थांबतात? ही उत्तरे ‘हो’ असतील तर ती मुले त्याचे मित्र आहेत. तुम्हाला त्यांचे चेहरे ठाऊक नाहीत, एवढाच काय तो फरक.

खेळात त्याला हे जमते आणि व्हरांड्यात जमत नाही, यालाही कारण आहे. मधल्या सुट्टीत काय करायचे हे कोणी ठरवलेले नसते. पाच जण एकदम बोलतात, विषय क्षणात बदलतो, निम्मे बोलणे चेहऱ्यावरून ओळखायचे असते, आणि त्यातच मैदानावर फुटबॉलचा गलका चाललेला असतो. खेळात सर्वांचे लक्ष एकाच कामावर असते, प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते, लिहून बोलता येते आणि उत्तर द्यायला वेळ मिळतो. डायना मरी, माइक लेसर आणि वेन लॉसन या अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडले की स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींकडे, पण फार खोलवर, ओढले जाते. दोन माणसांचे लक्ष त्याच एका गोष्टीत गुंतले की त्यांना एकमेकांजवळ जाण्यासाठी गप्पांची गरज उरत नाही. तुमच्या मुलाची मैत्री अशी शेजारी उभे राहून काम करण्याची आहे. शेतावर मेर बांधणाऱ्या दोन माणसांचीही अशीच असते आणि तिला आपण कधी खोटी म्हणत नाही.

‘स्वमग्न मुलांना मैत्रीची गरजच नसते’ असे तुम्हाला कोणी नातेवाईक म्हणाले, तेही तुम्ही लिहिले आहे. ते मनावर घेऊ नका. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की अडचण दुहेरी आहे: स्वमग्न माणसाला इतरांचे मन वाचणे जड जाते, तसेच इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन वाचणे जड जाते, पण दोष मात्र एकाच्याच पदरात टाकला जातो. २०२० मध्ये संशोधक कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवायला लावली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. गळती झाली ती मिश्र साखळीत. पुढे अधिक माणसांना घेऊन केलेल्या अभ्यासात मिश्र साखळीतला तो फरक तसा दिसला नाही, म्हणून मी त्यावर फार भार देत नाही. परंतु स्वमग्न माणसे आपापसांत उत्तम संवाद साधतात, हे दोन्ही वेळा दिसले. त्या तिघांपैकी आणखी कोणी तुमच्या मुलासारखेच असेल, ही शक्यताही लक्षात असू द्या. कॅनडातील स्टुअर्ट डंकन या वडिलांनी तर २०१३ मध्ये स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी माइनक्राफ्टचा ‘ऑटक्राफ्ट’ हा वेगळा सर्व्हरच सुरू केला. तिथे अर्ज पडताळूनच प्रवेश मिळतो आणि कोणाला छळणे खपवून घेतले जात नाही.

मैत्री खरी असली म्हणजे ती आपोआप टिकते असे मात्र नाही. तिच्यातले न बोललेले नियम आपल्या मुलांना कोणीतरी सांगावे लागतात. आपल्याकडे जूनपासून पावसाळा सुरू झाला की वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. एका मुलाचे वायफाय असेच ऐन सामन्यात गेले. वीज आल्यावर त्याने पाहिले तर एका मित्राने रागाने दोन शब्द लिहिले होते. मग या मुलाने रात्री ११ पर्यंत त्याला खुलाशाचे ४० हून अधिक निरोप पाठवले आणि सकाळी तो मित्र त्याला ब्लॉक करून मोकळा झाला होता. आईने मला फोन केला तेव्हा मुलगा ‘मी वाईट आहे’ असे म्हणत भिंतीकडे तोंड करून बसला होता. आम्ही तिघांनी मिळून एका कागदावर लिहिले: वीज गेली तर आईच्या फोनवरून ‘वीज गेली’ असा एकच निरोप, उत्तर आले नाही तर दुसरा निरोप दुसऱ्या दिवशी, त्यानंतर तो लिहीपर्यंत थांबायचे. आठवडाभराने त्या मित्राच्या धाकट्या भावामार्फत निरोप गेला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. तो कागद त्यांच्या घरी राउटरच्या वर आजही चिकटवलेला आहे. हरल्यावर काय लिहायचे, कोणी चिडवले तर ती थट्टा की छळ हे कसे ओळखायचे, खेळ सोडताना काय म्हणायचे, हेसुद्धा असेच शांत वेळी कागदावर लिहून ठेवावे. भांडणाच्या वेळी शिकवलेले काही पोहोचत नाही.

भाषेचा आणि माइकचाही एक मुद्दा आहे. आपल्याकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात. स्वमग्न मुलाची जुळलेली एखादी सोबत त्याच वेळी तुटते. पुढे खेळात तो यूट्यूबवर ऐकलेल्या इंग्रजीत किंवा हिंदीत बोलू लागतो आणि घरच्यांना ते नाटकी वाटते. त्याला टोकू नका. त्या तयार वाक्यांच्या आधाराने तो बोलायला लागलेला असतो. तिघे एकदम बोलू लागले की तो माइक बंद करत असेल आणि इतरांना तो शिष्टपणा वाटत असेल, तर ‘मला एकदम सगळ्यांचे ऐकू आले की गोंधळ होतो, मी लिहून सांगेन’ हे वाक्य त्याला आधीच तयार करून द्या. मुलींच्या बाबतीत माइक बंद असण्याचे कारण वेगळेही असू शकते: आवाजावरून मुलगी आहे हे कळले की त्रास सुरू होतो, म्हणून काही जणी मुलाचे नाव घेऊन खेळतात. तुमचा प्रश्न मुलाचा आहे, परंतु हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आईसाठी लिहून ठेवते.

त्याच्या बाबांची काळजी निराधार नाही आणि ती बाजूला सारू नये. आपली मुले शब्दांवर विश्वास ठेवतात. ‘मित्र असशील तर पासवर्ड दे’ हे वाक्य त्यांना तर्कशुद्ध वाटते. माझ्याकडच्या एका मुलाने अशाने दोन वर्षे जपलेले खाते गमावले, आणि दुसऱ्याने तुकडीत राहता यावे म्हणून वडिलांच्या फोनवरून इतरांसाठी स्किन, म्हणजे खेळातले सजावटीचे कपडे आणि रंग, विकत घेतल्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, पण खेळातले कपडे आणि बंदुकांचे रंग विकत घेणे त्यात येत नाही. म्हणून यूपीआयचा पिन त्याला ठाऊक नसावा आणि महिन्याला ठरलेली छोटी रक्कम असल्यास ती तुमच्या हातून खर्च व्हावी. खेळ सोडून दुसऱ्या ॲपवर ये, फोटो पाठव, घरी सांगू नको, यांपैकी काहीही कोणी म्हटले तर ते लगेच तुम्हाला दाखवायचे, आणि दाखवल्याबद्दल फोन जाणार नाही, हे वचन तुम्ही द्यायचे आणि पाळायचे. फोन जाईल या भीतीने मुले गप्प राहतात आणि नुकसान तिथेच वाढते. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा; जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

व्यसनाबद्दल विचारलेत म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, खेळाच्या विकाराचा समावेश आहे. तो ठरवताना तीन गोष्टी पाहतात: खेळावर ताबा राहत नाही, बाकी सर्व गोष्टी मागे पडत जातात, आणि नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जातो, आणि हे साधारणपणे वर्षभर चाललेले असावे लागते. एका परीक्षेतले गुण आणि नऊ दिवसांचा अबोला यांवरून ते ठरत नाही. परंतु तो अंघोळ, जेवण, झोप सोडून खेळत असेल, किंवा खेळतानाही आनंदी दिसत नसेल, तर बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दाखवा. स्वमग्नता समजणारे डॉक्टर मागा, कारण आवडीच्या विषयात बुडून जाणे हा या मुलांचा स्वभाव असतो आणि तो विकारासारखा दिसू शकतो.

राहिला शाळेचा प्रश्न, आणि तो वर्गमित्र. तो बोलत नाही यावरून तो लबाड आहे असे धरू नका. त्याला इतर मुलांच्या चिडवण्याची भीती असू शकते, किंवा तोही तुमच्या मुलासारखा खेळाबाहेर शब्द न सुचणारा असेल. वर्गशिक्षिकेला सांगून दोघांना एका बाकावर बसवणे, किंवा त्याच्या आईला फोन करून ‘माझ्या मुलाशी बोलायला सांगा’ म्हणणे, हे दोन्ही टाळा. ज्यातून मैत्री जुळली तेच शाळेत थोडे आणता येते. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्यामुळे शाळेकडे सोय मागणे हा तुमच्या मुलाचा हक्क आहे. शाळेत विशेष गरजांच्या मुलांना मदत करणाऱ्या रिसोर्स टीचरना भेटून आठवड्यातून दोन मधल्या सुट्ट्यांत ग्रंथालय किंवा संगणक कक्ष उघडा ठेवायला सांगा, आणि तिथे हाताला काम असू द्या: शाळेचा नकाशा काढणे, गणेशचवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीतल्या फळाफुलांची यादी करणे, काहीही, ज्यात दोघांनी एकाच कागदाकडे पाहायचे आहे. यायची सक्ती कोणावरही नको.

त्याच्या बाबांसाठीही एक काम आहे. फोन परत देतील त्या संध्याकाळी त्यांनी मुलाच्या शेजारी पंधरा मिनिटे बसावे, शिकवणी न करता, आणि एवढेच विचारावे की यातला कोण कुठे उभा आहे. मी पाहिलेल्या बहुतेक मुलांनी याचे उत्तर अर्धा तास दिले आहे.

शाळेत लगेच काही दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. माझ्या ओळखीची अशीच एक जोडी दोन वर्षांनंतर आज दहावीत आहे. बालरथात एक जण खिडकीशी बसतो आणि शेजारच्या जागेवर दप्तर ठेवतो. पुढच्या थांब्यावर दुसरा चढला की दप्तर उचलून मांडीवर घेतो. शाळा येईपर्यंत दोघे बोलत नाहीत, आणि संध्याकाळी सात वाजता दोघेही लॉबीत हजर असतात.